दोष क्रमांक एकेचाळीस

शुक्रवारी दुपारी जेवणानंतर काही म्हणता काही बदलायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी आमच्या यार्कोने अडीच वाजता तो मोडला आणि साडेतीनला होडी पाण्याबाहेर काढायला तळ्याकाठच्या घरी निघून गेला. फोन बंद ठेवून. सुट्टीत माणसाने निसर्गाशी बोलावं असं त्याचं मत आहे. माझ्याशी बोलायला निसर्ग कधी येत नाही, बंद पडलेल्या वेबसाइट येतात.

यार्को म्हणजे आमचा साहेब. वय अडतीस. आमच्याकडे साहेबालाही अरेतुरेच करतात, तेवढंच एक सुख. मी रायली, चोपन्न वर्षांची. ताम्पेरे शहरातल्या एकशे अठरा सोसायट्यांची देखभाल आमचं कार्यालय बघतं, आणि त्यांच्या एकशे अठरा वेबसाइट मी एकटी बघते. सगळ्या एकाच जाळ्यात बांधलेल्या, एकाच ठिकाणाहून चालवायच्या. म्हणजे कौतुक झालं तर कार्यालयाचं आणि बोंब झाली तर रायलीची.

आता वेबसाइट म्हणजे शिवणयंत्र धरा. नुसतं यंत्र सरळ टीप मारणार. काज करायचं, झालर लावायची, तर त्याला वेगवेगळे पाय जोडावे लागतात. हे पाय म्हणजे प्लगिन. सूचनाफलकाचं एक, कपडे धुवायच्या खोलीचं एक, गाड्यांच्या जागांचं एक, आणि ज्याच्यावाचून आमच्या देशात रक्तपात होईल ते सॉनाच्या पाळीचं एक. प्रत्येक इमारतीच्या तळघरात एक सॉना, म्हणजे तापलेल्या दगडांची वाफेची खोली, प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. शनिवार संध्याकाळचा तास मिळायला लोक अकरा-अकरा वर्षं थांबतात. वरच्या मजल्यावरचा एखादा म्हातारा खोकला की खालच्या मजल्यावर कान टवकारले जातात.

सॉनाचं आमचं जुनं प्लगिन पंधरा वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं. दिसायला गबाळं, पण इमानी. त्यात सगळ्यांत शेवटी मी एक छोटा चौकोन ठेवला होता: शेरा. त्याआधी पाळ्यांची यादी कागदावर असायची, आणि इमारतीचा रखवालदार तिच्या समासात पेन्सिलीने काय वाट्टेल ते लिहून ठेवायचा. ‘बी ४ला वरच्या बाकावर चढवत नाही.’ ‘डी २०ला दगड फार तापलेले नको.’ ही पेन्सिलीतली माया यंत्रात कुठे ठेवायची, म्हणून तो चौकोन.

सप्टेंबरात यार्को हेलसिंकीच्या एका संमेलनाला गेला. तिथे फुकट कॉफी पिऊन माणसं जे करतात तेच त्याने केलं. नवीन प्लगिन घेऊन आला. नाव ‘नापुरी’, म्हणजे शेजारी. सॉना, धुणं, गाड्या, सगळं एकात. गोल गोल बटणं, हिरवे हिरवे रंग. वरून कीर्तन, आतून तमाशा.

‘निदान सोमवारपर्यंत थांब,’ त्या शुक्रवारी मी म्हटलं.

‘तू तपासलंस ना, रायली?’

‘आकडे तपासले. माणसं नाही तपासली.’

‘माणसं कशी तपासणार? दाब बटण.’

‘तूच दाब.’

दाबलं त्याने. तेही कोणतं, तर पूर्ण जाळ्याचं. ते एकदा दाबलं की प्लगिन एकशे अठराही साइटवर एकदम चालू होतं, आणि मग एखाद्याच साइटवर बंद करू म्हटलं तर होत नाही. सगळीकडे किंवा कुठेच नाही. आणि आकडे खरंच जुळत होते. जुन्यातल्या दोन हजार तीनशे चाळीस पाळ्या, नव्यात आल्या दोन हजार तीनशे चाळीस. खाली सही माझीच. हे मुद्दाम सांगते, नाहीतर सगळं यार्कोच्या माथी मारून मोकळी व्हायला मला काय आवडलं नसतं!

सहा आठवड्यांनी यार्कोने बैठकीत भिंतीवर आलेख लावला. तक्रारींची रेष जमिनीला टेकून झोपलेली.

‘शून्य!’ तो म्हणाला. ‘एकशे अठरा सोसायट्या, सहा आठवडे, शून्य तक्रारी!’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही दोन वाजवल्या. पण ते शून्य मला पटेना. आमच्या लोकांची तक्रार करायची रीत मला ठाऊक आहे. आधी गप्प बसायचं. मग जास्त गप्प बसायचं. मग गाव सोडून दुसरीकडे राहायला जायचं. शून्य तक्रारी म्हणजे एक तर सगळे सुखात आहेत नाहीतर सगळ्यांनी दात आवळून धरलेत, आणि नोव्हेंबरात ताम्पेरेत कोणी सुखात असल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्याच आठवड्यात हेर्वांता भागातल्या एका बाईंनी आमच्या कार्यालयात येऊन, माफी मागत मागत, विचारलं की सॉनाऐवजी घरातच अंघोळ करायचा काही नियम निघाला आहे का. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. नापुरीने शुक्रवार सातची एकच पाळी तीन कुटुंबांना दिली होती. दारावरच्या कागदावर तिन्ही नावं. मग काय, जो आधी पोचेल तो आत. बाकीचे टॉवेल घेऊन खाली यायचे, दाराबाहेर दुसऱ्याचे जोडे बघायचे आणि आल्या पावली परत. सलग पाच शुक्रवार! दार ठोठावून ‘अहो, काहीतरी घोळ झालाय’ म्हणावं, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

मी हसले. खूप हसले. तेव्हा मला माहीत नव्हतं की खरा घोळ माझ्याच घरी झालाय.

दर शनिवारी चार वाजता मी बाबांकडे कॉफीला जाते. बाबा, ताइस्तो, त्र्याऐंशी वर्षांचे. ए जिन्यात सात नंबरचं घर. त्यांची पाळी शनिवार सहा ते सात, अशी पाळी की जिच्यासाठी लोक आईबापाला विकतील. आणि बाबांबरोबर कालेर्वोकाका. पलीकडच्या सी जिन्यातले, घर एकतीस. दोघांनी जोड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेजारी शेजारी काढली, बाबा तळवे कापायचे, काका शिवायचे. बावीस वर्षांपूर्वी काकू गेल्या. मातीला बाबा गेले, काकांचा हात हातात घेतला, एक शब्द बोलले नाहीत. पण घरी येऊन रखवालदाराला सांगितलं, आणि त्याने दारावरच्या यादीत बाबांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलं: अधिक सी ३१. शुक्रवारी काकांनी कागद वाचला. शनिवारी सहाला टॉवेल घेऊन हजर. झालं निमंत्रण. तेव्हापासून दर शनिवारी दोन बाटल्या बिअर आणि सॉसेजचं एक कडं, दगडांवर भाजून, अर्धं अर्धं.

त्या शनिवारी बाबा पिशवी भरत होते. मी वेलचीचा पाव खात बघत होते. बाटली एकच.

‘एकच का?’

‘एकालाच एक पुरते.’

‘आणि कालेर्वोकाका?’

‘त्याचा बुधवार आहे. दुपारी तीन.’

‘बुधवार? कधीपासून?’

‘कागदावर आहे,’ बाबा म्हणाले, आणि सॉसेजचं कडं सुरीने मधोमध कापून अर्धं पिशवीत टाकलं. उरलेलं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि फ्रीजरचा कप्पा उघडला. आत तशाच पाच पुड्या. अर्धी अर्धी कडी, नीट ओळीत. ही सहावी.

सहा शनिवार माझा बाप काकांची अर्धी वाटणी बाजूला काढून गोठवत होता. आणि मी टाळ्या वाजवत होते.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो चौकोन. नापुरीत शेऱ्याचा चौकोनच नव्हता. ‘अधिक सी ३१’ पडलं गटारात. आणि सी ३१च्या नावावर पाळीच नाही असं बघून नापुरीने उदार मनाने त्याला एक रिकामी पाळी दिली: बुधवार, दुपारी तीन, ज्या वेळी आमच्या देशात मेलेला माणूसही सॉनात जात नाही.

‘बाबा, तुम्हाला विचारावंसं नाही वाटलं त्यांना?’

‘त्याला एकट्याला बसायचं असेल.’

मी पाव तसाच टाकला आणि अंगण ओलांडून सी जिना चढले. कालेर्वोकाकांनी दार उघडलं. मागे खोलीभर पुठ्ठ्याची खोकी.

‘ये पोरी. ते खोकं सार बाजूला, बस.’

‘ही खोकी कसली?’

‘ओउलूला चाललोय. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. लेक कधीची मागे लागलीय.’

‘इथलं सगळं सोडून?’

‘इथलं सगळं म्हणजे काय? बुधवार तीन?’ काका हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मी सगळं ओकून टाकलं. प्लगिन, चौकोन, माझी सही, सगळं. ‘बाबांनी नाही हो केलं. यंत्राने केलं. माझ्याच यंत्राने.’

‘कागदावर होतं.’

‘अहो, कागद यंत्रातूनच निघतो ना!’

काकांनी एका खोक्याचं झाकण लावलं. ‘बावीस वर्षांपूर्वी पण कागदावरच होतं,’ ते म्हणाले. ‘तेव्हा मी विचारलं नाही, का म्हणून. आता कशाला विचारू?’

‘मग पुढच्या शनिवारी या. मी सांगते बाबांना.’

‘दुसऱ्याच्या पाळीत?’ चर्चमध्ये उघड्याने या म्हटल्यासारखं काकांनी माझ्याकडे पाहिलं. ‘ताइस्तोने सांगून पाठवलंय का तुला?’

‘नाही.’

‘मग.’

सात वाजून गेल्यावर परत ए जिना. गुडघे दुखायला लागले माझे. बाबा सॉनाहून येऊन लाल चेहऱ्याने बसले होते.

‘काका ओउलूला चाललेत. कायमचे.’

बाबांनी कप उचलला, परत ठेवला. ‘ओउलूला थंडी फार.’

‘जा ना, बोला ना त्यांच्याशी!’

‘त्याला जायचं असेल.’

‘अरे देवा, तुम्ही दोघं मेल्यावर तरी बोलाल का एकमेकांशी?’

‘तेव्हा सोय आहे,’ बाबा म्हणाले. ‘जागा शेजारी शेजारी घेतल्यात.’

डोकं फुटायची वेळ आली. पण मला एक कळून चुकलं. ही दोन माणसं एकमेकांशी फक्त कागदावरून बोलतात. कागदाने तोडलं, आता जोडायचं तर कागदानेच. आणि कागद माझ्या हातात होता, निदान मला तसं वाटत होतं. एकच शनिवार उरला होता.

सोमवारी नापुरीत गेले आणि सी ३१ला शनिवार सहा द्यायला लागले. ‘ही वेळ भरलेली आहे.’ बाबांच्या घराला दोन माणसं जोडायला गेले. ‘एका घराला एक पाळी.’ फक्त त्या एका साइटवर नापुरी बंद करून माझं जुनं प्लगिन लावावं म्हटलं, तर तिथे बटणच नाही. साहेबांच्या एका बोटाची कृपा.

‘यार्को, शेऱ्याचा चौकोन पाहिजे.’

‘तक्रार आलीय का कोणाची?’

‘मी करतेय की तक्रार.’

‘तू कर्मचारी आहेस. कर्मचाऱ्याची ती सूचना. सूचनेचा अर्ज वेगळा असतो.’

अर्ज भरला. हेलसिंकीहून दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं, आमच्या मानाने वाऱ्याचा वेग. ‘एक घर, एक पाळी हा नापुरीचा पाया आहे. आपली सूचना मोलाची आहे. पुढच्या शरद ऋतूत विचार करू.’ शेवटी हसरा चेहरा. मी तो चेहरा बराच वेळ बघत राहिले आणि मनातल्या मनात त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली.

त्यात यार्कोने हेर्वांताचं प्रकरण माझ्या टेबलावर टाकलं. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं! ‘एकच पाळी दोघातिघांना का जाते ते शोध आणि सगळीकडचं शुक्रवारच्या आत साफ कर. आलेखात दिसायला नको.’

शोधायची पद्धत जुनीच आहे. साइटची एक नक्कल काढायची, तिच्यातली सगळी प्लगिनं बंद करायची आणि एकेक चालू करत बघायचं. तांदळातले खडे निवडावे तसं. तेवीस प्लगिनं होती. मंगळवार गेला, बुधवारची कॉफीची सुट्टी गेली, आणि एकोणिसाव्याला चोर सापडला. आमचा जुना सूचनाफलक. बिचारा वेग वाचवायला पानाचा फोटो काढून ठेवायचा आणि तासभर तोच सगळ्यांना दाखवायचा. त्यामुळे मघाशीच कोणी घेतलेली पाळी पुढच्याला रिकामी दिसायची, तो बटण दाबायचा, आणि नापुरी? नापुरी पानावर रिकामं दिसतंय ना, मग घ्या, म्हणून दुसऱ्यालाही देऊन टाकायची. स्वतः उठून आत बघणं तिच्या संस्कारात नव्हतं.

म्हणजे ‘एक घर, एक पाळी’ हा पाया भक्कम होता. ‘एक पाळी, एक घर’ याची मात्र कोणी खात्री केली नव्हती. उंटावरच्या शहाण्यांना ते वरून दिसलं नसावं.

सगळं जाळं विंचरलं तेव्हा अशा दुहेरी-तिहेरी पाळ्या निघाल्या चाळीस. प्रत्येकीला क्रमांक दिला, दोष एक ते चाळीस. जुना सूचनाफलक काढायचा, जास्तीचं नाव दुसऱ्या वेळेला हलवायचं, दोषापुढे ‘दूर केला’ लिहायचं, पुढे चालायचं. असं करत गुरुवारी अकरा वाजता मी बाबांच्या सोसायटीच्या साइटवर पोचले. तिथे दोष नव्हता. सूचनाफलक मात्र होता.

हात थांबला माझा.

मागे वळून पाहिलं. यार्को काचेच्या खोलीत कोणालातरी आलेख दाखवत होता. मी बाबांची पाळी काढून टाकली. शनिवार सहा ते सात रिकामी, सगळ्या सोसायटीपुढे उघडी! कोणी त्या मिनिटाला टपकला असता तर बापाने मला सात जन्म माफ केलं नसतं. पटकन दोन खिडक्या उघडल्या, दोन्हींत शनिवार सहा रिकामी. पहिल्या खिडकीत ए ७चं नाव घातलं. दुसऱ्या खिडकीला अजून पत्ताच नव्हता, ती आपली जुना फोटो धरून बसलेली. तिच्यात सी ३१चं नाव घातलं; बुधवार नापुरीने स्वतःहून दिलेला, तो तिच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. नापुरीने हिरवी बरोबरची खूण केली आणि मला शुभेच्छा दिल्या.

चाळीस दोष आपोआप झाले होते. एकेचाळिसावा मी केला. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे दोष काढण्यात गेली, स्वतःच्या हाताने घातलेला हा पहिलाच, आणि सांगते तुम्हाला, इतकं नीट काम मी आयुष्यात केलं नव्हतं. सूचनाफलक तसाच ठेवला. यादीत लिहिलं: दोष एकेचाळीस, तपास चालू.

शुक्रवारी रखवालदाराने कागद छापून दारावर चिकटवला. शनिवार, सहा ते सात: ए ७, सी ३१. पुढे लाल उद्गारचिन्ह, कारण चूक करून झाल्यावर ती दाखवणं मात्र नापुरीला उत्तम जमतं.

शनिवारी चारलाच मी बाबांकडे.

‘कागद बघितलात?’

‘हं.’

‘दोन नावं आहेत.’

‘लाल खूणही आहे.’

‘ती चूक आहे, बाबा.’

‘कोणाची?’

‘माझी.’

बाबांनी कॉफीत साखर घातली, ढवळली, पुष्कळ ढवळली. ‘दुरुस्त करणार?’

‘कामं फार आहेत हो. वेळ होईलसं वाटत नाही.’

‘हं,’ बाबा म्हणाले.

पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नाव कागदावर आलं म्हणून काय झालं? हेर्वांताला तीन तीन नावं होती. मी बाबांना तो सगळा किस्सा सांगितला. लोक टॉवेल घेऊन येतात, दाराबाहेर जोडे बघतात आणि मुकाट्याने परत जातात. ‘काका पण तसेच,’ मी म्हटलं. ‘तुमचे जोडे बघतील आणि वळतील. जोडे तर ते अंधारातही ओळखतील तुमचे.’ बाबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पावणेसहाला उठले, पिशवीत एक बाटली ठेवली, मग दुसरी ठेवली. फ्रीजरचा कप्पा उघडला आणि सगळ्या पुड्या काढल्या. आदल्या शनिवारची धरून सहा.

‘अहो, इतकं कोण खाणार?’

‘त्याचे आहेत,’ बाबा म्हणाले, आणि दार ओढून खाली गेले.

मी भांडी विसळली. टेबल पुसलं. पुसलेलं टेबल परत पुसलं. खिडकीपाशी जाऊन उभं राहायचं म्हणून बोळातून निघाले, आणि पाय अडखळला. बघते तर काय, दारामागे बाबांचे जोडे. काळे, कारखान्यातले, स्वतःच तळवे कापलेले. आणि शेजारी घरातल्या सपाताही. नोव्हेंबरचा शेवट, जिन्याचा दगड बर्फासारखा, आणि माझा त्र्याऐंशी वर्षांचा बाप तीन मजले अनवाणी उतरून गेला होता, सॉनाच्या दाराबाहेर एकही जोडा दिसू नये म्हणून.

तिथेच खाली बसले मी. रडले. सांगायला लाज कसली?

मग खिडकी. अंगणात नुकतं पडलेलं बर्फ. सहाला पाच कमी असताना सी जिन्याचं दार उघडलं. गळ्यात टॉवेल घालून कालेर्वोकाका बाहेर आले. अंगणाच्या मध्यावर येऊन थांबले. वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. मी झटकन पडद्यामागे. परत डोकावले तर अंगणात नुसती पावलं उमटलेली, ए जिन्याच्या दारापर्यंत. मी श्वास धरून दहा मिनिटं उभी राहिले. परतीची पावलं उमटली नाहीत.

पाळी सातला संपते. बाबा सव्वाआठला वर आले. सातच्या पाळीचं कुटुंब अर्थातच खाली जाऊन, दाराबाहेर काकांचे जोडे बघून परत गेलं होतं, आणि अर्थातच कोणाला काही बोललं नव्हतं. देव त्यांचं भलं करो.

‘काय बोललात?’ मी विचारलं.

‘सॉसेज जास्त झालं म्हणाला.’

‘आणखी?’

बाबांनी पाय शेकायला चुलीपाशी धरले. ‘ओउलूचा सॉना विजेचा आहे म्हणाला. लेकीच्या घरातला. कपाटाएवढा.’

‘मग?’

‘मग काय? कपाटात कोण बसणार?’

सोमवारी माझ्या टेबलावर सी ३१चा अर्ज आला. छापील अर्ज, पाळी सोडण्याचा. उघडला. सोडत असलेली पाळी: बुधवार, दुपारी तीन. कारण: दुसरी आहे. मी तो इतक्या वेगाने मंजूर केला की नापुरीने दोनदा विचारलं, नक्की का? खोकी काकांच्या घरात अजून आहेत. एकावर त्यांनी फुलझाड ठेवलंय.

फेब्रुवारीत यार्को दोषांची यादी घेऊन आला. चाळिसांपुढे ‘दूर केला’. त्याचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

‘हा एकेचाळीस काय आहे? तीन महिने तपास चालू?’

‘अवघड आहे तो. फार आत गेलाय.’

‘तक्रार आहे का कोणाची?’

‘शून्य,’ मी म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. आलेखातली रेष त्याला आठवली असावी. ‘मग राहू दे,’ तो म्हणाला आणि पुढच्या बैठकीला निघून गेला.

एकेचाळिसापुढे मी ते शून्य लिहिलं. नापुरी आल्यापासून पहिल्यांदाच ते खरं होतं.